फाइल भरली म्हणजे नेमकं काय भरलं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. तिथल्या ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या काळात मालक मंडळींनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच: “साहेब, सगळ्यांना जुने मेल उडवायला लावले, तरी फाइल तेवढीच कशी?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माहीत नसल्यामुळे धडधाकट सर्व्हर लोकांनी आपल्या हाताने बंद पाडलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉवेलच्या निर्यातदाराचा सगळा धंदा मेलवर चालतो. जीएसएमवरून (कापडाच्या वजनावरून) होणारी घासाघीस, जकार्डच्या डिझाइनची चित्रं, एलसीची प्रत, कंटेनरची कागदपत्रं, सगळं त्यातूनच येतं-जातं. जानेवारीत इकडे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हाच तिकडे फ्रँकफुर्टला हाइमटेक्स्टिलचं प्रदर्शन असतं. त्या महिन्यात फोटो आणि कॅटलॉगांचा नुसता पूर येतो. हे सगळं एका मोठ्या डेटाबेस फाइलमध्ये साठतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००३ या मेल सर्व्हरच्या काळात छोट्या ऑफिसांकडे बहुतेक स्टँडर्ड आवृत्ती असायची आणि तिची मर्यादा होती १६ जीबी. मर्यादा गाठली की सर्व्हर डेटाबेस डिसमाउंट करायचा, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचीच मेल एकदम बंद.

ऑक्टोबर २००५ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला. त्याने ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली. पण ‘वाढवता येऊ लागली’ एवढंच. पॅक टाकल्यावर मर्यादा आपोआप १८ जीबीच व्हायची आणि पुढचा आकडा रजिस्ट्रीत जाऊन हाताने भरावा लागायचा. कितीतरी ठिकाणी पॅक टाकला गेला, आकडा मात्र कुणी बदलला नाही. सर्व्हर रोज पहाटे पाच वाजता तपासणी करायचा. मर्यादा ओलांडलेली पहिल्यांदा दिसली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये इशारा लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या पहाटेही तेच दिसलं तर डेटाबेस बंद करायचा. तो इशारा वाचायला हाताशी पूर्ण एक दिवस असायचा, आणि बहुतेक ऑफिसांत तो वाचणारं कुणी नसायचं.

या पॅकमधला दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तोवर सर्व्हर डिस्कवरच्या डेटाबेस फाइलचा आकार मोजायचा. आता तो त्या आकारातून आतली रिकामी जागा वजा करून उरलेला आकडा मर्यादेशी ताडून पाहू लागला.

ही आतली रिकामी जागा येते कुठून? डेटाबेस फाइल म्हणजे ठरावीक मापाच्या पानांची चळत. एक्स्चेंज २००३ मध्ये एक पान ४ केबीचं होतं, २०१० पासून ते ३२ केबीचं झालं. मेल उडवला की तो आधी डिलीटेड आयटम्समध्ये जातो. तिथूनही काढला, तरी सर्व्हर तो आणखी काही दिवस राखून ठेवतो. २००३ मध्ये हा काळ मुळात ७ दिवसांचा होता, पुढे १४ झाला. ती मुदत संपल्यावर रात्रीच्या देखभालीत मेल खरोखर पुसला जातो आणि त्याची पानं ‘मोकळी’ म्हणून नोंदली जातात. पानं फाइलमध्येच राहतात, पुढचा मेल त्यांच्यावर लिहिला जातो. त्यामुळे सोमवारी मेल उडवून मंगळवारी फाइलचा आकार पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, आणि दिसायलाही नको.

सोलापूरकरांना हे उजनीवरून चटकन कळतं. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. पेपरात ‘उजनी शून्य टक्के’ छापून येतं तेव्हा धरणात ६३ टीएमसी पाणी असतंच, उन्हाळ्यात टक्केवारी वजात गेली तरी पाणी असतं. आकडा वाचायचा तर तो कशाचा आहे हे आधी ठाऊक हवं.

एका ऑफिसात डेटाबेस फाइल १९ जीबीची दिसत होती. मालकांनी सगळ्या स्टाफला गेल्या वर्षाचे मेल उडवायला बसवलं होतं. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून १२२१ क्रमांकाची नोंद शोधली. रात्रीचं डीफ्रॅग, म्हणजे पानांची आवराआवर, संपल्यावर डेटाबेसमध्ये किती मेगाबाइट मोकळे आहेत, हे तिच्यात लिहिलेलं असायचं. तिथे चार हजारांच्या वर आकडा होता. म्हणजे खरा भरणा १५ जीबीच्या आसपास, १८ च्या मर्यादेपासून बराच लांब. उडवाउडवी तिथेच थांबवायला लावली. त्या मेलांत ग्राहकांनी मंजूर केलेले रंग होते, तक्रारींवरची उत्तरं होती. पुढे क्लेम आला तर निर्यातदाराच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

काही ठिकाणी १२२१ ची नोंद आठवडेच्या आठवडे सापडतच नसे. कारण बहुतेक वेळा बॅकअपमध्ये असायचं. देखभालीची वेळ मुळात रात्री १ ते ५ असायची. बॅकअपही लोक रात्रीच लावायचे, आणि बॅकअप चालू असताना डीफ्रॅग थांबून राहायचं. त्यात अमेरिकेचे ग्राहक. आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा न्यूयॉर्कला भर दुपार असते आणि त्यांचे मेल धडाधड येत असतात. मी बॅकअप रात्री नऊला लावायचो आणि देखभालीला पहाटेची वेळ मोकळी ठेवायचो. एवढ्यानेच मोकळ्या पानांचा हिशेब मार्गी लागायचा.

फाइल खरोखर लहान करायची तर ईएसईयूटिल नावाचं साधन आहे. ते डेटाबेस बंद ठेवून कामाची पानं नव्या फाइलमध्ये उतरवून घेतं. नव्या फाइलच्या आकाराच्या ११० टक्के जागा डिस्कवर मोकळी लागते, तासाला मोजकेच जीबी होतात, आणि काम झाल्यावर लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो, कारण जुन्या बॅकअपवर पुढचे लॉग चढत नाहीत. दर महिन्याला हे करा असं सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: गरज नसताना हे करू नये. आवळलेली फाइल चार दिवसांत पुन्हा वाढते, आणि वाढताना डिस्कला जास्त राबवते.

खरा घात होतो तो दुसऱ्याच ‘भरण्या’त. प्रत्येक बदल डेटाबेसमध्ये जाण्याआधी लॉग फाइलमध्ये लिहिला जातो. २००३ मध्ये एक लॉग ५ एमबीचा असे, नंतर १ एमबीचा झाला. पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की जुने लॉग सर्व्हर स्वतः काढून टाकतो. बॅकअप बंद पडला तर लॉग साचत जातात, डिस्क भरते आणि कुणीतरी ‘जुन्या फाइली’ म्हणून ते हाताने उडवतं. लोडशेडिंगच्या वर्षांत याचे परिणाम भयंकर व्हायचे. यूपीएस संपून मशीन अचानक बंद पडलं की मेमरीतले बदल डेटाबेसमध्ये उतरायचे राहून जातात. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हर ते लॉगमधून भरून घेतो, आणि नेमके हवे ते लॉग उडवलेले असले तर डेटाबेस उघडतच नाही. अशा सकाळी बॅकअपची टेप शोधणाऱ्या अकाउंटंटचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. डिस्क भरली तर आधी बॅकअप का थांबला ते बघा. लॉगला हात लावू नका.

फाइल लहान करण्याचं काम एक्स्चेंज २०१० पासून सोपं झालं. नवा डेटाबेस बनवायचा, ऑफिस चालू असतानाच मेलबॉक्स तिकडे हलवायचे आणि जुनी फाइल काढून टाकायची. पण त्याच आवृत्तीत एक सोयही गेली. आधी एकच कॅटलॉग पंधराजणांना पाठवला तरी एका डेटाबेसमध्ये त्याची एकच प्रत राहायची. आता पंधरा राहतात. म्हणून कॅटलॉगची लिंक पाठवा, असं मी आग्रहाने सांगतो.

एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरीच ऑफिसं सध्या क्लाउडकडे निघाली आहेत. तिथेही आधी हाच हिशेब करायचा. फाइल ३०० जीबीची आणि आत १२० जीबी मोकळे असतील, तर इंटरनेटवरून जायचे मेल १८० जीबीच. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर कागदावर ३०० जीबीला ३३ तास लागतात, १८० ला २०. प्रत्यक्षात याहून वेळ जास्तच जातो, म्हणून मी शुक्रवारी रात्री सुरुवात करतो. सोमवारी सकाळी दहाला पहिला ग्राहक मेल पाठवेल, त्याआधी रविवारचा अख्खा दिवस तपासणीसाठी हाती राहायला हवा.