डझन, दस्ता आणि ग्रोस

आमच्या पिढीच्या घरांत मोजणीचे शब्द शाळेच्या आधी बाजारातून येत. जूनमध्ये कागदाचा दस्ता यायचा. दस्ता २४ तावांचा, आणि वीस दस्त्यांचं एक रीम. आई किंवा मोठी ताई ताव दुमडून, कापून दाभणाने वह्या शिवायची. गेल्या वर्षीची कोरी उरलेली पानंही त्यांतच जायची. इंग्रजांकडून आलेलं ‘रीम’ मूळचं अरबी. ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा. कागदासोबत हा शब्द स्पेनमार्गे युरोपात पोचला. दस्ता फारसी, ‘दस्त’ म्हणजे हात.

पण खरं राज्य डझनाचं. मूळ फ्रेंच, ‘दूझ’ म्हणजे बारा. असे बारा डझन म्हणजे ग्रोस, फ्रेंचांचा ‘मोठा डझन’, १४४ नग. शर्टाची बटणं, पेन्सिली दुकानदार ग्रोसाने आणायचा आणि आपल्याला डझनाने द्यायचा. केळी डझनाने, हापूसची पेटी चार-पाच-सहा डझनांची, लग्नात आहेर कपबश्यांच्या अर्ध्या डझनाचा.

बारा हा आकडा भरल्या घराला फार सोयीचा होता. दोघांत सहा, तिघांत चार, चौघांत तीन, सहा जणांत दोन. कुणाच्या वाट्याला तुकडा येत नाही. दहा केळी तीन भावंडांत वाटून पाहा! आणि हिशेबही किती सरळ. आण्याच्या बारा पै, म्हणून डझनाला जितके आणे, तितक्या पै एका नगाला. आजोबा हा भाव भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या सांगत. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, ती युक्ती संपली. डझन मात्र टिकला.

आज्या त्याहून जुन्या मोजणीच्या. त्या ‘तीन विसा नि पाच’ म्हणत, म्हणजे पासष्ट. इंग्रजीतही ‘स्कोअर’ म्हणजे वीस, आणि त्या शब्दाचं नॉर्स मूळ म्हणजे काठीवरची खाच. क्रिकेटच्या धावाही पूर्वी काठीवर खाचा पाडूनच मोजत, आणि रेडिओला कान लावून आपण विचारायचो तो स्कोअर त्याच घराण्यातला. आजीच्या विसा आणि नातवाचा स्कोअर एकाच माजघरात नांदत होते, याचा मला आजही आनंद वाटतो.

मोजणीचे हे शब्द जुन्या हिशेबांत भेटतात, म्हणून घरात वाणसामानाची, लग्नखर्चाची जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका. नातवंडांना शेजारी बसवून ती मोठ्याने वाचा.