शीतगृहातली केळी पिकवताना

रावेर-यावलच्या पट्ट्यातली ग्रँड नैन जातीची हिरवी केळी शीतगृहात 13 ते 14 अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याखाली पारा उतरला की सालीखालच्या शिरा तपकिरी पडू लागतात. हिरव्या फळात ही इजा चटकन नजरेत भरत नाही. पिकल्यावर मात्र साल मळकट, राखी दिसते आणि तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून माल रायपनिंग चेंबरमध्ये चढवण्याआधी दोन-चार फण्यांतल्या केळ्यांची साल पातळ सोलून आतून पाहावी. तपकिरी रेघा दिसल्या, तर तो माल वेगळाच काढलेला बरा.

मग गराचे तापमान 16 ते 18 अंशांवर आणायचे. भिंतीवरचा आकडा हवेचा असतो, फळाचा नव्हे. थर्मामीटरची सुई थप्पीच्या मधल्या पेटीतल्या केळ्यात खुपसली, तरच खरे तापमान कळते. सगळा माल सारखा उबदार झाल्यावर इथिलीन सोडतात: हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, सुमारे 24 तास. भारतात परवानगीची मर्यादाही तेवढीच आहे. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असतो, शिवाय साल पिवळी झाली तरी गोडी मागे राहते.

इथिलीनचे काम फक्त सुरुवात करून देण्याचे. पुढे फळ स्वतःच इथिलीन तयार करते, त्याचे श्वसन कित्येक पटींनी वाढते आणि पेट्या आतून तापू लागतात. पिकवणाऱ्याची कसोटी लागते ती इथे. थप्प्यांमध्ये वाट ठेवून प्रत्येक पेटीतून गार हवा खेळवली नाही, तर मधला माल पुढे धावतो आणि कडेचा हिरवाच राहतो. गर 24 अंशांच्या वर तापला, तर तो मऊ पडतो पण सालीतले हरितद्रव्य नीट जात नाही. असे हिरवट, पिचपिचीत केळे कोणी घेत नाही. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर गेला की पिकणे मंदावते, म्हणून 24 तासांनंतर दारे उघडून हवा बदलणे चुकवू नये.

याच तापमानाने बाजाराची तारीखही गाठता येते. 18 अंशांना माल चार-पाच दिवसांत तयार होतो, 14-15 अंशांना आठवडाभर लागतो. सुरुवातीला आर्द्रता 90 ते 95 टक्के लागते, नाहीतर साल सुकते. रंग धरल्यावर ती 85 पर्यंत उतरवतात, कारण ओलसर हवेत पिकलेली साल तडकते. तोवर गरातला वीस टक्क्यांच्या आसपासचा पिष्टांश बहुतेक साखरेत उतरलेला असतो.

हिरव्यापेक्षा पिवळा रंग वरचढ झाला, पण टोके अजून हिरवी आहेत, अशा बेताला माल गाडीत भरावा. पूर्ण पिवळे केळे हाताळणीत डागाळते. दुकानदारालाही एवढे सांगून ठेवावे, की उरलेल्या फण्या फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या गारठ्याने साल काळी पडते.