उसनी ज्वारी

आमच्या घरात धान्य 'संपलं' म्हणायची सोय नव्हती. कणगीचा तळ दिसू लागला तरी आजी म्हणायची, "ज्वारी वाढलीया." दिवा वाढवतात, नारळ वाढवतात, तशीच ज्वारीही वाढायची. १९७२ साली मी आठ वर्षांचा होतो आणि या शब्दानं पार गोंधळून जायचो. कणगीत वाकून पाहावं तर नुसतं सारवण आणि तळाशी मूठभर दाणे. ती मूठ आजी कुणाला काढू देत नसे.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. मालदांडी ज्वारी पिकवणारी ही काळी जमीन. त्या वर्षी रानात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडल्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. पुढच्या मे महिन्यात तर राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या, आई ओल्या बोटांनी त्या पुन्हा पुन्हा सांधत बसायची. भाकरी तव्यावर पडेपर्यंत आम्ही दोघं भाऊ श्वास रोखून पाहायचो.

एकदा पगार तीन आठवडे लांबला. मिलोही वाढला. त्या संध्याकाळी आजीनं चूल पेटवली, पातेल्यात पाण्याचं आधण ठेवलं आणि समोर बसून राहिली. पाण्याला उकळी आली, ते आटलं, तिनं आणखी तांब्याभर ओतलं. आई म्हणाली, "आत्याबाई, जळण कशाला घालवताय?" आजी म्हणाली, "आधण ठेवणं आपलं काम. पुढचं त्याला ठावं."

आता त्या वाक्याचा विचार करताना माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मला फक्त भूक लागली होती.

दिवेलागणीला शेजारची काकी पदराखाली शिपतर झाकून आली. म्हणाली, "आत्याबाई, मागं दिवाळीला दोन शेर उसनी नेली व्हती. द्यायची ऱ्हाऊनच गेली बघा." आजीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. दिवाळीला आमच्याच घरात दोन शेर नव्हते. पण आजीनं उठून शिपतर हातात घेतलं, मापाकडे न बघता ओतून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आठवण ठेवलीस." काकीच्या घरीही पाच तोंडं होती.

आमच्या तालुक्यात दामाजीपंतांची गोष्ट सांगावी लागत नाही, पोर ती ऐकतच वाढतं. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी खुलं केलं, बेदरच्या बादशहानं त्यांना धरून आणवलं आणि विठ्ठलानं विठू महार होऊन धान्याची रक्कम भरली, पावती घेतली. लहानपणी मला त्यातला विठूच आवडायचा. आता मला त्याआधीची घटका आठवते. दामाजीपंतांनी कोठाराचं कुलूप काढलं तेव्हा विठ्ठल आलेला नव्हता. समोर फक्त उपाशी माणसं होती, आणि मागे बादशहा. त्या घटकेला त्यांच्यापाशी जे होतं, त्याला मी विश्वास म्हणतो. तेच काकीपाशी होतं, शिपतर भरताना.

आणि ज्यांच्या दारी कुणीच आलं नाही, त्यांचं काय? हा प्रश्न मला सोडत नाही. तो सुटावा असंही वाटत नाही. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. देव पुरवतो असं त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल? पण परंपरा सांगते, की त्यानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. स्वतःचं घर ओस पडलेलं असताना त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावरचं देणं उतरवलं. मला उत्तर मिळत नाही, पण त्या नदीकाठाशी मी पुन्हा पुन्हा जाऊन थांबतो.

१९७३ ला पाऊस झाला. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली तेव्हा आजीनं घरच्या कणगीआधी एक शिपतर भरलं. मापानं दोन शेर, वर ओंजळभर. माझ्या हातात देऊन म्हणाली, "काकीला सांग, आजीनं उसनी नेली व्हती, ती धाडलीया."

मी तसंच सांगितलं. काकीनं काही विचारलं नाही. ज्वारी ओतून घेतली, शिपतर रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्यातलीच एक मूठ पुन्हा आत टाकली, आणि मला म्हणाली, "सांडू नगंस. सावकाश जा."