मोरगावच्या पेठेत एक संध्याकाळ

बाहेरगावी जायचे म्हटले की आपल्या घरांत दोनच ठिकाणे आधी आठवतात. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी आणि सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. तिथे जाणे हे तर आपले कर्तव्यच आहे, त्याला सहल म्हणता येत नाही. पण नुसते पाय मोकळे करावेत, बायकामुलांना घेऊन गजबजलेल्या रस्त्यावरून सावकाश फिरावे, एक दिवस चुलीला सुट्टी देऊन बाहेर जेवावे, ही सवय आपल्याकडे अजून कमीच. पैशाची ओढाताण हे एक कारण आहेच. दुसरे कारण जुने आहे. आपल्या आजा-पणज्यांना पेठेच्या रस्त्यावर रेंगाळण्याची मुभा नव्हती. काम आटोपले की मान खाली घालून वस्तीची वाट धरायची. कायदा बदलला, तरी पायांची ती घाई पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

बारामती तालुक्यातले एक लग्न उरकून पुण्याला परतताना आम्ही मुद्दाम मोरगावला उतरलो. पुण्यापासून हे गाव सुमारे ६५ किलोमीटर. सासवड, जेजुरी करीत एसटीने यावे. जेजुरीपासून पुढे १७ किलोमीटर. बरोबर मुलांची आई, दोन मुले आणि बारामतीचे मेव्हणे होते. मेव्हण्यांनी विचारलेच, "दाजी, हे अष्टविनायकाचं गाव. आपलं इथं काय काम?"

आम्ही म्हणालो, "देवळात नाही काम. रस्त्यावर आहे."

आम्ही १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा मानणारे. दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. पण कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायलाही आम्ही गेलो नव्हतो. मयूरेश्वराचे देऊळ बाहेरून पाहिले, जसा एखादा किल्ला पाहावा तसे. भोवती किल्ल्यासारखा उंच दगडी तट आणि चार कोपऱ्यांना चार मिनार. लांबून पाहणाऱ्याला मशीद वाटावी. मुसलमानी अमदानीत देऊळ सुरक्षित राहावे म्हणून असे बांधले, असे सांगतात. समोर मोठा नंदी बसलेला. गणपतीपुढे नंदी हे जरा नवलच. बांधणारे हात कोणाचे असतील, पाथरवट कोण, दगड वाहणारे कोण, हे मात्र कुठल्या पाटीवर दिसले नाही.

खरी गंमत पेठेत. दिवस मावळतीला आला की अष्टविनायक यात्रेच्या गाड्या लागतात. मुंबई, ठाणे, नाशिककडची माणसे उतरतात आणि दोन्ही बाजूंची दुकाने एकदम जागी होतात. जास्वंदीचे हार, दुर्वांच्या जुड्या, नारळ, पेढ्यांचे डबे, कुंकवाच्या राशी, बांगड्या, फोटो, लाकडी बैलगाड्या, प्लॅस्टिकची बंदुके. टोपलीत पेरू घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या. पुढे रसवंतीचे घुंगरू वाजतात. धाकट्याने शिट्टी घेतली आणि रस्ताभर वाजवली. मोठीने दहा दुकानांत बांगड्या पाहून अकराव्यात घेतल्या. आम्ही कोणालाही "चला, चला" म्हटले नाही. फिरण्याचा अर्थच तो.

मात्र डोळे उघडे ठेवून फिरले की पेठेची दुसरी बाजूही दिसते. हार विकणारी बाई पहाटेपासून फुले ओवत असते. गाड्या निघून गेल्या की उरलेले द्रोण, पिशव्या, सोललेल्या नारळांच्या शेंड्या झाडून काढणारे कोणीतरी असते. यात्रेकरूंची नजर कळसाकडे असते, झाडणाऱ्याकडे नसते. आपण तरी त्याच्याकडे पाहावे आणि आपला कचरा आपणच डब्यात टाकावा, एवढे मुलांना तिथल्या तिथे सांगितले.

पेठ संपवून कऱ्हा नदीकडे गेलो. हा भाग बारामतीचा असला तरी जिरायत. नीरेच्या कालव्याने तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला ऊस उभा केला, इकडे मात्र पावसाकडे डोळे लावून बसायचे. पण ही कोरडी नदी फार मोठी आहे. मोरगावजवळ तिच्या काठच्या थरांत संशोधकांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. त्या राखेचे नाते इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जोडले जाते. म्हणजे देऊळ, पेठ, जात, वेस यांतले काहीही नव्हते तेव्हापासून इथे माणूस राबतो आहे. मुलीने विचारले, "पप्पा, त्यांची जात कोणती होती?" आम्ही म्हणालो, "भूक आणि तहान, एवढीच."

अंधार पडल्यावर एका साध्या खानावळीत जेवायला बसलो. लांब टेबल. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला कल्याणकडचे एक यात्रेकरू कुटुंब. मध्ये पाण्याचा एकच जग, तो इकडून तिकडे फिरत होता. पिठले, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा आणि फोडलेला कांदा. भाकरी अशी फुगलेली की धाकटा शिट्टी विसरला. मुलांच्या आईने आत डोकावून भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारले, "दिवसाकाठी किती भाकरी होतात हो?"

"मोजतंय कोण, बाई! चतुर्थीला तर हात परातीतनं निघत न्हाई. तुम्ही खावा पोटभर."

घरी रोज भाकरी थापणाऱ्या बाईला आयते ताट पुढे आलेले पाहून काय वाटते, ते त्या वेळी मुलांच्या आईच्या चेहऱ्यावर दिसले.

त्या टेबलावर मुलांना एक गोष्ट सांगितली. सुमारे १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाला होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालायचे असे ठरले. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. डब्यात जेवण भरपूर होते, पण पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून जेवण कसे करायचे? मुले उपाशी झोपली.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. तलावाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला लावले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन सर्वांसमक्ष चहा प्याले. पुढे १९२७ ला महाडचे पाणी झाले. आणि १९५० ला संविधान अमलात आले, तेव्हा पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते अशी एकेक नावे घेऊन लिहिले गेले की जातीच्या कारणाने तिथे कोणालाही अडवता येणार नाही. ज्याला टोलनाक्यावर पाणी मिळाले नव्हते, तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

वाचक बंधू-भगिनींनो, संध्याकाळी रस्त्याने फिरणे आणि हॉटेलात बसून जेवणे ही चैन वाटते. पण आपल्यासाठी ती कमावलेली गोष्ट आहे. म्हणून कर्ज काढून नव्हे, महिन्याच्या खर्चातून चार पैसे बाजूला ठेवून वर्षातून एखादी तरी संध्याकाळ घराबाहेर काढा. मोरगावच हवे असे नाही, तालुक्याची पेठही चालेल. आजीला सोबत न्या. घाई करू नका. मधोमध टेबल पाहून बसा, पाण्याचा जग स्वतः उचला आणि शेजारच्यालाही ओतून द्या. आणि तो जग तिथवर कसा आला, हे जेवता जेवता मुलांना सांगा.