सुरांची खतावणी

व्यापारी घरात कीर्द आणि खतावणी यांतील भेद शाळेच्या वयातच कानांवर पडतो. कीर्दीत व्यवहार ज्या दिवशी जसा झाला तसा उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. आज काय घडले ते कीर्द सांगते. अमुक पेढीकडून येणे किती, हे खतावणीवाचून कळत नाही.

आम्ही काही गीतप्रेमी मंडळी मोबाईलवरील एका समूहात जुन्या हिंदी चित्रपटगीतांविषयी रोज लिहितो. कुणी तबकडीचा क्रमांक कळवतो, कुणी चित्रगृहात पूर्वी मिळणाऱ्या गीतपुस्तिकेचे छायाचित्र पाठवतो. यंदा या साऱ्यासाठी संकेतस्थळ उभारण्याचे ठरले आणि त्याच्या स्वरूपावरून दोन पक्ष पडले. ताजे लेखन वर दिसावे आणि जुने खाली सरकावे, असे एकांचे मत. प्रत्येक गाण्याचे स्वतंत्र पान असावे, हे दुसऱ्यांचे.

मी दुसऱ्या पक्षाचा. गेल्या वर्षी आमच्यातील एक ज्येष्ठ रसिक निवर्तले. त्यांनी लिहिलेल्या बारीकसारीक आठवणी आजही आमच्या मोबाईलमध्ये आहेत. पण एखाद्या गाण्याविषयी ते काय म्हणाले होते हे शोधू गेल्यास शुभप्रभातच्या संदेशांतून तासभर मागे जावे लागते. धन तिजोरीत आहे, पण खाते नाही, अशी ही अवस्था.

खाते कोणत्या नावाने उघडावे, हाही प्रश्नच. १९४९ च्या ‘महल’मधील सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. स्वर लता मंगेशकरांचा, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. केवळ तबकडी पाहून नोंद करणारा ते गाणे भलत्याच खात्यावर टाकील. म्हणून नोंदीला जाणत्याची नजर लागते.

अशी नजर एका माणसाच्या चिकाटीने काय उभे करू शकते, याचे उदाहरण कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’. त्यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोशा’त १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांतील गीतांची नोंद दशकवार पाच खंडांत आहे. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ची प्रत आज उपलब्ध नाही, तरी त्यात सात गाणी होती हे आपण जाणतो, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले.

पहिल्या पक्षाचे म्हणणेही मोडीत काढण्याजोगे नव्हते. नुसत्या खात्यांकडे रोज कोण फिरकणार? गप्पांची ऊब नसेल तर आठवणी जाग्या होत नाहीत, आणि आठवणीच नसतील तर नोंदायचे काय? कीर्दच कोरी राहिली तर खतावणी भरणार कशी?

शेवटी दोन्ही वह्या ठेवायचे ठरले. गप्पा रोजच्या क्रमाने चालतील. आठवड्यातून एकदा एक सदस्य त्यांतील कामाची माहिती, सांगणाऱ्याच्या नावासह, त्या त्या गाण्याच्या पानावर नेईल. स्वरूपाचा वाद तासाभरात मिटला. हे काम कोण करणार, या प्रश्नावर मात्र बराच वेळ शांतता होती. मग एका निवृत्त मुनिमांनी पहिल्या महिन्याची जबाबदारी घेतली. दिवंगत रसिकांच्या आठवणींपासून आरंभ करण्याचे त्यांनी योजिले असून आतापर्यंत एकवीस गाण्यांची पाने उघडली आहेत.