अंगठा आणि काटा

विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला ज्याने हँडल मारलंय, त्याला कंप्रेशन शिकवावं लागत नाही. डीकंप्रेशनची खिट्टी वर करून हँडल फिरवायचं, चाकाने वेग घेतला की खिट्टी पाडायची. इंजिनात दम असेल तर त्याच क्षणी मनगटाला हिसका कळतो आणि डग-डग सुरू होतं. चाक नुसतंच गरगरत राहिलं, तर वडील बांधावरूनच म्हणायचे, “रिंगा गेल्या त्याच्या.” किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. पुढे आमच्या माळशिरस तालुक्यातल्या कितीतरी मनगटांना हे ज्ञान तिच्याच हँडलने दिलं असेल.

मोटारीने ते काढून घेतलं. चावी फिरवली, सेल्फ लागला, गाडी चालू. आत काय चाललंय ते मिस्त्री सांगेल तेव्हा कळणार. श्रीपूरला तीस वर्षं गॅरेज चालवून मी हे लिहितोय, म्हणजे एका अर्थी धंद्याच्या विरुद्धच.

मी शिकलो फियाटवर. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीची. उस्ताद प्लग काढायला लावायचे, भोकावर अंगठा दाबायला सांगायचे आणि सेल्फ मारायचे. फट्ट करून अंगठा उडाला की सिलिंडर पास. बरीच वर्षं मीही असेच निकाल दिले. मग एकदा हिशेब केला. प्लगचं भोक १४ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. आत चौरस सेंटिमीटरला नुसतं चार किलोचं प्रेशर असलं तरी अंगठ्यावर सहा किलोचा जोर येतो. एवढ्यालाही अंगठा उडतोच, आणि धडधाकट सिलिंडरच्या बाराला तर उडणारच. सिलिंडर जिवंत आहे की मेलेला, एवढंच अंगठा सांगतो. आजारी आहे का, हे सांगायला कंप्रेशन गेजचा काटा लागतो.

माळीनगरचे एक गुरुजी त्यांची मारुती ८०० घेऊन आले, तेव्हा हेच झालं होतं. गाडी गॅसकिटवर चालायची. थांबल्यावर थरथर, चढाला पिकअप नाही. दुसरीकडे कोणीतरी अंगठा लावून ‘हाफ इंजिन काम’ सांगितलेलं. रिंगा, बेअरिंग, सगळं. गुरुजींनी सोसायटीच्या कर्जाचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता.

मी गेज काढलं. हे काम घरच्या अंगणातही होतं, फक्त गडबड करायची नाही. इंजिन आधी गरम करायचं, पण प्लग सोडवायचे ते जरा कोमट झाल्यावर. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेल्या हेडातून प्लग ओढला तर आटे सोबत येतात. प्लगाभोवतीची धूळ आधी हवेने उडवायची. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ बॉनेटखाली इतकी साचते, की न उडवता प्लग काढणं म्हणजे सिलिंडरमध्ये पॉलिश पेपर टाकणं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. गॅसची टाकी बंद. कॉइलचं कनेक्शन सोडवायचं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा. सगळे प्लग बाहेर, एका भोकात गेज, आणि दुसऱ्या माणसाने ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. पाच-सहा ठोके, काटा थांबेपर्यंत. ॲक्सिलेटर दाबला नाही तर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि धडधाकट गाडी आजारी ठरते. बॅटरी उतरलेली असली तरी तेच. डिझेल गाडीला मात्र हे पेट्रोलचं गेज लावू नका. तिथलं प्रेशर दुपटीहून जास्त असतं, गेज हातात फुटेल.

गुरुजींच्या गाडीचा पहिला सिलिंडर बारा किलो, दुसरा सात, तिसरा बारा.

आकडा एकटा वाचायचा नसतो. गेज जुनं असतं, शिवाय आपण समुद्रसपाटीहून साडेचारशे-पाचशे मीटर उंचावर, म्हणजे पाचेक टक्के इथेच कमी. सगळे साडेअकरा आले तर मी निवांत असतो. एक सात आणि दोन बारा आले, की तो सात बोलायला लागतो. दोन शेजारी मिळून पडले असते, तर मी हेड गॅस्केटवर संशय घेतला असता.

मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल ती फट तात्पुरती बुजवतं आणि काटा वर चढतो. पुन्हा सेल्फ मारला. सातच. गुरुजी बॉनेटवर वाकून काट्याकडे बघत होते, जणू विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका.

म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्वची सीट लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व तिच्यात खोल रुततो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते, टॅपेटची फट संपते. मग व्हॉल्व पुरता मिटतच नाही. गाडी थंड झाल्यावर कव्हर उघडलं. फट पाव मिलिमीटरहूनही कमीच ठेवायची असते, पण इथे सगळ्यात पातळ फिलरसुद्धा शिरेना. स्क्रू सैल करून फट बसवली, गाडी पुन्हा तापवली, गेज लावलं. अकरा. व्हॉल्वचं तोंड जळलं असतं तर हेड उतरवण्याला पर्याय नव्हता, ते वाचलं. कर्जाच्या अर्जाचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

काट्यानेही मला एकदा तोंडावर पाडलंय. एका ओम्नीचं रिडिंग बारा, बारा, बारा. मी घेणाऱ्याला बिनधास्त ‘घ्या’ म्हणालो. महिन्याभरात तो परत आला, मागून निळा धूर, लिटरभर ऑइल गायब. ऑइल रिंगा गेलेल्या होत्या, आणि वर चढणारं तेच ऑइल फटी बुजवून काट्याला छान बारा दाखवत होतं. त्या दिवशी काढलेले तिन्ही प्लग माझ्यासमोर बाकड्यावर पडलेले होते, काळे, ओलसर. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.