सुयांआधीचे प्रश्न

कॉलेजात आलेले मुरूम गेले, पण गालांवर खड्डे ठेवून गेले. बाजूने उजेड पडला की जास्तच दिसायचे. हळद, चंदन, पपई सगळं लावून झालं होतं. शेवटी घराजवळच्या एका ब्यूटी क्लिनिकात चौकशी केली. तिथल्या मुलीने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "एमएनआरएफ करून घ्या मॅडम, आज पैसे भरलेत तर एक सिटिंग फ्री." डॉक्टर कधी असतात, विचारलं. "फोनवर असतातच ना!" मी पर्स उचलली.

त्वचारोगात एमडी केलेल्या डॉक्टरबाईंकडे गेले, तर पहिल्या भेटीत सुई लागलीच नाही. प्रश्नच फार. गरोदर नाही ना? पेसमेकर? चेहऱ्यात कुठे प्लेट किंवा स्क्रू? ओठांवर वारंवार पाण्याचे फोड येतात का? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, कधी थांबवल्या? मग त्यांनी केस बाजूला केले आणि कान टोचलेल्या जागी पुढून-मागून बोट फिरवून पाहिलं. तिथे जाड गाठ आली असती, तर केलॉइडची प्रवृत्ती, म्हणजे चेहऱ्यावर सुया टोचण्याचा विषयच संपला. कान पास झाले, पण हनुवटीवर दोन ताज्या पुटकुळ्या होत्या. "आधी या बसू देत, मग बघू."

एमएनआरएफ म्हणजे मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी. या मशीनच्या सुया त्वचेत काही मिलिमीटर आत जातात आणि तिथे रेडिओलहरींची उष्णता सोडतात. आतला थर तापतो, आणि ती इजा भरून काढताना शरीर नवं कोलॅजेन तयार करतं. म्हणून फरक दिसायला महिने लागतात. काही लेझरचा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या रंगाला काळे डाग पडायची भीती जास्त. रेडिओलहरींना रंगाशी देणंघेणं नाही. तरी उष्णता जास्त झाली किंवा नंतर ऊन लागलं, तर डाग इथेही पडतातच, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं.

ठरल्या दिवशी सुन्न करणारं मलम थापून तासभर बसवलं. मग ते पुसून, सुयांचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. गालावर खोली जास्त, कपाळावर कमी. तिथे लगेच हाड लागतं, म्हणून डॉक्टर दर थोड्या वेळाने पडद्यावरचा आकडा बदलत होत्या. मशीन माझं काही बिघडवणार नाही, ही खात्री मला त्या आकड्यांनी दिली. गालांवर नुसतं टोचल्यासारखं वाटलं. वरच्या ओठाशी आल्यावर मात्र डोळ्यांतून पाणी आलं.

घरी आले तेव्हा चेहरा लालबुंद, त्यावर ठिपक्यांच्या बारीक चौकटी, रांगोळीच्या कागदासारख्या. "भाजलं की काय गं?" सासूबाईंनी विचारलं. लाली दोन-तीन दिवसांत गेली, ठिपके जायला आठवडा लागला. तोवर मेकअप बंद, सनस्क्रीन मात्र ढगाळ दिवशीसुद्धा.

खड्डे नाहीसे झाले नाहीत. उथळ झाले. सुईच्या टोकासारखे खोल होते ते तसेच आहेत. त्यांना वेगळे उपचार लागतात. जाहिरातीतला गाल मला मिळाला नाही, आणि कुणाला मिळत असेल असं वाटतही नाही. पण झाला तेवढा फरक मला पुरतो.

तो पाहून सासूबाईंनाच हुरूप आला. गालांची कातडी सैल झालीय, मलाही ने म्हणाल्या. त्यांना पेसमेकर आहे. डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आत नाही सांगितलं: "विजेचं काम आहे आजी, तुम्हाला नको." सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या.

ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच उपचाराबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण, चरबी झडणं, विद्रूपता, नसांना इजा अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा सौंदर्योपचार नव्हे, वैद्यकीय उपचार आहे, घरी करू नका, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे तर फेशियलच्या रेटकार्डात त्याचा भाव छापलेला मी पाहिलाय.

तेव्हा जायचंच असेल, तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. तो दवाखान्यात लावलेला असायलाच हवा. मशीन कोण चालवणार तेही विचारा, आणि सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. कुणी कुरकुर केली, तर पैसे भरू नका.